भिंतीवरची चांदमारी

माझ्या वडिलांनी वर्षानुवर्षं बंदुका हाताळल्या आणि एकही पाखरू मारलं नाही, हे आधीच सांगून टाकते. बंदुकीचं नाव काढलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शिकारी नाहीतर दरोडेखोर उभा राहतो. आमच्याकडे तसलं काही नव्हतं. बाबा जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात फिटर होते, परीक्षा देऊन सगळ्यांत वरच्या ए ग्रेडला पोचलेले. सकाळचा भोंगा झाला की सायकल काढायचे आणि संध्याकाळी परतायचे तेव्हा त्यांच्या शर्टाला तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास असायचा. तो वास मायच्या नाकात इतका बसला होता की सणाला नवा शर्ट घातला तर ती म्हणायची, "आज पाहुणा आल्यासारखा वाटून राहिला." बाबांचं गाव आणि मायचं माहेर दोन्ही नागपूरकडे. राज्यं नव्यानं आखली तेव्हा नागपूर तिकडे महाराष्ट्राकडे गेलं, जबलपूर इकडे मध्य प्रदेशात राहिलं, आणि आम्ही जिथं नोकरी होती तिथं राहिलो. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी. माय भाजीवाल्याशी भांडायची तेव्हा पहिलं वाक्य हिंदीत असायचं आणि राग चढला की पुढचं सगळं मराठीत. भाजीवाल्याला ते बरोबर कळायचं.

जबलपुरातल्या गोहलपूर वस्तीत आमच्या दोन खोल्या होत्या. एका बाजूला बिड्या वळणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या पेट्या बनवणारा कारखाना. दिवसभर पत्र्यावर हातोडी, ठण ठण ठण, आणि मधेच ती थांबली की आम्ही सगळे दचकून वर बघायचो. रविवारी मात्र कारखाना बंद असे. त्या शांततेत माय ज्वारीच्या भाकरी थापायची तो आवाज ऐकू यायचा. विहारातली सकाळची वंदना आटोपून आलो की भाकरी, अंबाडीची भाजी आणि पाट्यावर वाटलेला लाल मिरचीचा ठेचा. एरवी सावकाश जेवणारे बाबा रविवारी घाईघाईनं जेवत. मायला त्या घाईचा फार राग. "इथं काय काटे रुतून राहिले का तुमाले?" ती विचारायची. बाबा हसून हात धुवायचे आणि सायकलकडे जायचे. मग त्या सायकलवर मागे मीही बसायला लागले, आणि मायचे शब्द दोघांना वाटून मिळू लागले.

आम्ही जायचो मदन महालाच्या बाजूला, एका निवृत्त कर्नलसाहेबांच्या बंगल्यावर. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आयुष्यभर ते पुष्कळ ठिकाणी लिहिलं गेलं आहे, माझ्या हातून आणखी एकदा कशाला? कर्नलसाहेबांना जुन्या रायफली जमवायचा शौक होता, आणि त्यातही एकाच जातीच्या. इंग्रजाच्या काळात पलटणीत भरती झालेल्या पोरांना नेम शिकवायला खास रायफली असत. दिसायला हुबेहूब लढाईतल्या थ्री-नॉट-थ्रीसारख्या, तेवढ्याच जड, तोच लाकडी दस्ता, तोच बोल्ट. पण नळीच्या आत बारीक टू-टूची, पाव इंचाहूनही अरुंद नळी. गोळी शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी. आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा, टक. थ्री-नॉट-थ्रीची गोळी महाग आणि खांदा फोडणारी, म्हणून शिकाऊंना आधी ही. दरवेळी एक गोळी हातानं भरायची, उडवायची, बोल्ट मागे ओढला की रिकामं टरफल रायफलीच्याच पोटातल्या डब्यात पडायचं. पंधरा-वीस गोळ्या झाल्या की रायफल हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजायची. अशा अकरा रायफली साहेबांनी कुठून कुठून आणल्या होत्या: मोडीत निघालेल्या, कुणा संस्थानिकाच्या कोठीतल्या, कुठल्या शाळेच्या. सगळ्यांची लायसन्सं होती, त्यात काही खोट नव्हती. पण आणल्या तेव्हा त्यातल्या निम्म्या उडत नव्हत्या. कुणाची गोळीवर आपटणारी फायरिंग पिन झिजलेली, कुणाचा बोल्ट भलत्याच रायफलीचा, कुणाच्या दस्त्याला वाळवी. कारखान्यातल्या कुणीतरी बाबांचं नाव सांगितलं, आणि साहेबांनी बोलावणं धाडलं.

बाबांनी त्या अकरा रायफली जिवंत केल्या. सहा वर्षं, दर रविवारी, बंगल्याच्या मागच्या गॅरेजमध्ये. मोबदला त्यांनी मागितला नाही आणि साहेबांनी विचारलाही नाही. बाबांना ते काम नव्हतंच, ती त्यांची मौज होती. कारखान्यात एकाच मापाचा तुकडा दिवसातून शंभर वेळा घासणारा माणूस, त्याला तिथं अकरा वेगवेगळ्या रायफली भेटल्या होत्या. नळीवरचा मुकुटाचा शिक्का, दस्त्यावर कुणा शिकाऊनं चाकूनं कोरलेली अक्षरं, बोल्टवरचा आकडा आणि रायफलीवरचा आकडा जुळतो की नाही, हे सगळं ते बोटानं चाचपून सांगत. गॅरेजच्या बाहेर भिंतीला एक खिळा होता आणि त्यावर एक निळा इनॅमलचा मग टांगलेला असे. बाबांचा चहा त्या मगात यायचा. ड्रायव्हरचा आणि माळ्याचा चहा घरातल्या कपातून यायचा. हे माझ्या लक्षात यायला कितीतरी रविवार जावे लागले, कारण बाबा तो मग मोठ्या कौतुकानं दाखवायचे: "हा माहा मग. साहेबांनी खास ठेवला." आज हे लिहितानाही माझ्या कानशिलात रक्त चढतं. डॉक्टर म्हणतात जुनं आठवत जाऊ नका, प्रेशर वाढतं. वाढू दे.

मी त्यात आले ती बाबांच्या डोळ्यामुळे. कारखान्यात एक लोखंडाचा कण उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेला. डोळा वाचला, पण लांबचं धूसर झालं. रायफल दुरुस्त तर केली, पण ती नेम कुठं मारते हे उडवल्याशिवाय कसं कळणार? साहेबांचा हात थरथरायचा, ते दोन गोळ्या उडवून कंटाळायचे. तेव्हा बाबांनी साहेबांना विचारलं, "मेरी लड़की को ले आऊँ? दसवीं में है, शांत है." साहेब हसले, म्हणाले, ले आओ. बंगल्याच्या मागे काळ्या खडकाला टेकून मातीचा बांध घातला होता. पंचवीस यार्डांवर लाकडी चौकट, तिच्यावर नेमाचा, चांदमारीचा कागद. मी वेणी ओढणीत खोचून पोत्यावर पालथी झोपायचे आणि बाबा माझ्या डाव्या बाजूला उकिडवे बसायचे. "श्वास घे. अर्धा सोड. आता थांब. चाप वढू नोको शकू, दाब. पिकलेला लिंबू दाबते तसा." पहिल्या दिवशी माझ्या गोळ्या बांधात गेल्या. महिन्याभरानं कागदावर यायला लागल्या. हिवाळा संपता संपता पाच गोळ्यांच्या भोकांवर चार आण्याचं नाणं ठेवलं तर पाचही झाकली जायची. बाबांनी ते नाणं ठेवून पाहिलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मग म्हणाले, "तुले दिसते, मले समजते. दोघं मिळून एक नेमबाज हाये आपण." माझ्या आयुष्यात मला पुढे शिक्षिका म्हणून दोन-तीन मानपत्रं मिळाली. त्यातल्या एकाचंही वाक्य मला पाठ नाही.

आता वहीचं सांगते. बाबांजवळ एक लांबट जाड पुठ्ठ्याची वही होती. अकरा रायफलींपैकी प्रत्येकीला त्यांनी काही पानं दिली होती. कुठले शिक्के आहेत, काय बिघडलं होतं, काय केलं, आणि शेवटी रायफलीचा स्वभाव. होय, स्वभाव. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, अक्षर टपोरं, आणि वाक्यं छोटी. 'नंबर दोन. म्हातारी पण इमानदार. काही सांगावं लागत नाही.' 'नंबर सात. दस्ता बदलला तेव्हापासून खुश.' 'नंबर चार. थंड असली की पहिली गोळी रुसून वर उजवीकडे. दुसरीपासून ठिकाणावर. पहिली माफ करावी.' माय त्या वहीला 'नळ्यायची पोथी' म्हणायची आणि तिच्यावर भाजीची टोपली ठेवायची. एका रविवारी साहेबांनी ती वही पाहिली. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून मी चार पानं हिंदीत वाचून दाखवली. ते खुर्चीत पुढे सरकून बसले. म्हणाले, "मेश्राम, ये तो छपनी चाहिए. लड़की की अंग्रेज़ी अच्छी है, इससे लिखवाओ." बाबांनी मला घरी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. छापणार म्हणजे काय? पुस्तक? त्याच्यावर नाव? त्यांनी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही. दोन महिने शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून, शब्दकोश मांडीवर घेऊन मी अकरा रायफलींची पानं इंग्रजीत उतरवली. 'रुसून' ला शब्द सापडायला मला एक आख्खी दुपार लागली. प्रत्येक रायफलीचा एक चांदमारीचा कागदही हवा होता. ते अकरा कागद मीच मारले, एकेका रविवारी एकेक, आणि मूळ वहीसकट सगळं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

पुढच्या हिवाळ्यात बंगल्यावर प्रदर्शन भरलं. लष्करातले मोठे अधिकारी, त्यांच्या बायका, शहरातले वकील-डॉक्टर असे पन्नासेक लोक. साहेबांनी बाबांनाही बोलावलं होतं. रायफली मांडायला आणि पुसायला. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी मायची निळी साडी नेसले, पहिल्यांदाच. दिवाणखान्यात भिंतीवर अकरा रायफली ओळीनं लावल्या होत्या, तेल लावून चकचकीत, आणि प्रत्येकीच्या खाली काचेच्या चौकटीत तिचा चांदमारीचा कागद. मी आधी भोकंच पाहिली. आपली भोकं ओळखू येतात, आपलं अक्षर ओळखू येतं तशी. नंबर नऊच्या कागदावर दोन भोकं एकमेकांत शिरली होती, त्या दिवशी बाबांनी मला पाठीवर थाप मारली होती. मग मी खालची ओळ वाचली. इंग्रजीत, सुबक टायपात: कर्नल अमुक यांनी मारलेला कागद. पुढची चौकट, तेच. त्याच्या पुढची, तेच. अकराच्या अकरा. टेबलावर पुस्तिकेचा गठ्ठा होता. मी एक उघडली. वाक्यं माझी होती. माझ्या चुकांसकट माझी होती. मुखपृष्ठावर नाव साहेबांचं. आत मनोगतात त्यांनी आभार मानले होते: पत्नीचे, ज्यांनी रायफली दिल्या त्या मित्रांचे, आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचे, जो गॅरेजमध्ये त्यांना सोबत करत असे. कुत्र्याचे! त्या कुत्र्याला बाबा आपल्या डब्यातली भाकर घालायचे.

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक बाई पुस्तिका वाचत होत्या. त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "सुनिए तो, लिखा है ये राइफल ठंड में रूठ जाती है! कर्नल साहब, आप तो शायर निकले!" साहेब लाजल्यासारखे हसले. म्हणाले, "अब क्या कहें, इनके साथ रहते-रहते इनका मिज़ाज समझ में आ जाता है." तेव्हा माझ्या तोंडातून शब्द निघाले. ठरवून निघाले नाहीत. मी म्हटलं, "ये मेरे बाबा ने लिखा है. और ये सब कागज़ मेरे मारे हुए हैं."

 मी दाराकडे पाहिलं. बाबा व्हरांड्यात पुसायचं फडकं हातात घेऊन उभे होते, आणि त्यांनी डोळ्यांनी मला सांगितलं, नको. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. लहान मूल बरळल्यावर हसतात तसं. "अरे हाँ, बच्ची ने भी दो-चार गोलियाँ चलाई हैं," ते म्हणाले. एक पांढऱ्या मिशांचे ब्रिगेडियर होते, त्यांना गंमत वाटली. "चलो, देख लेते हैं. बेटी, चलाओगी?" लोकांना मेजवानीत असा खेळ हवाच असतो. सगळे पेले घेऊन मागच्या अंगणात आले. मी भिंतीवरची नंबर चार मागितली. साडीचा पदर खोचला आणि पन्नास माणसांसमोर पोत्यावर पालथी पडले.  बाबा बाजूला येऊन बसले नाहीत, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी मोठ्यानं सांगितलं, "पहली गोली ऊपर दाहिने जाएगी. बाकी चार एक जगह." श्वास घेतला, अर्धा सोडला. टक. बोल्ट ओढला, भरली, टक.  पाचवी झाल्यावर ड्रायव्हर धावत जाऊन कागद घेऊन आला. एक भोक वर, उजवीकडे. आणि मधोमध चार, एकमेकांना चिकटलेली.

टाळ्या पडल्या. खूप पडल्या. ब्रिगेडियर कागद उंच धरून म्हणाले, "शाबाश! भई कर्नल, कमाल है, क्या ट्रेनिंग दी है आपने लड़की को!" आणि साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ठेवला, आणि मान झुकवून ती शाबासकी घेतली. मी सांगते आहे ते नीट वाचा. मी सगळ्यांसमोर खरं सिद्ध केलं, आणि ते सिद्ध झाल्यामुळे तो माणूस आणखी मोठा झाला. मी ओरडले, "ट्रेनिंग इन्होंने नहीं दी, मेरे बाबा ने दी है!" पण तोवर लोक समोश्यांकडे वळले होते. मघाच्या त्या बाई मात्र थांबल्या, माझा गाल थोपटला आणि म्हणाल्या, "कितनी प्यारी है."

परत येताना बाबा सायकल हातात धरून चालत आले, मला बसवलं नाही. अर्ध्या वाटेत म्हणाले, "तुले काहून बोलाचं होतं?" मी म्हटलं, "आणि तुम्ही काहून नाही बोलले?" त्यांनी सायकल पुढे ढकलली. घरी मायनं ताटं वाढली, आणि आमचे चेहरे पाहून विचारलं. मी सगळं सांगितलं, कुत्र्यापर्यंत सगळं. माय ऐकत होती आणि तव्यावरची भाकर करपत होती. तिच्या हातून कधी भाकर करपत नसे. बाबा म्हणाले, "जाऊ दे. मोठे लोक हायेत. रायफली त्यायच्या हायेत." माय म्हणाली, "रायफली त्यायच्या. पोथी कोनाची?" बाबांनी पाण्याचा तांब्या उचलला. "पोथी कुठं हाये?" वही साहेबांकडेच होती. मायनं तवा उतरवला. तिनं करपलेली भाकर स्वतःच्या ताटात घेतली.

मंगळवारी बाबा कारखान्यात गेल्यावर मायनं मला शाळेत जाऊ दिलं नाही. पिशवीत दोन जुड्या मेथी टाकली आणि म्हणाली, चल. माय त्या बंगल्यावर कधी गेली नव्हती. मी वाट दाखवली. साहेब व्हरांड्यात पेपर वाचत होते. मायनं डोक्यावर पदर घेतला, हात जोडले, आणि आपल्या हिंदीत म्हणाली, "साब, हमारी कापी दे दो." साहेब म्हणाले, ती वही आता संग्रहाचा भाग आहे, मेश्रामनं ती दिली आहे. माय म्हणाली, "हिस्सा-बिस्सा मेरेको नहीं मालूम. मेरे आदमी के हात का लिखा है. दे दो." साहेब म्हणाले, बघू, शोधावी लागेल, नंतर ये. "चालते," माय म्हणाली, "बैठती मैं." आणि तिथं व्हरांड्यात, लाल पॉलिश केलेल्या फरशीवर, तिनं फतकल मारलं, पिशवी उपडी केली आणि मेथी निवडायला लागली.

तो दीड तास मी कधी विसरणार नाही. मी शरमेनं अर्धी मेले होते. सतरा वर्षांची पोरगी होते आणि मला आईची लाज वाटत होती, हेही लिहून ठेवायला हवं. पानं पदरात, देठं फरशीवर. एक एक देठ ती अशी टाकत होती, जसं काही मोजून टाकते आहे. साहेब आत गेले, बाहेर आले, ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर आला, मायकडे पाहिलं, आणि साहेबांना म्हणाला, "साहब, माताजी को कैसे उठाऊँ?" साहेबांनी मला विचारलं, "तुम पढ़ी-लिखी हो, समझाओ इन्हें." मी मान खाली घालून उभी राहिले. माय मराठीत म्हणाली, "तिले काय सांगून राहिला, माह्याशी बोल." साहेबांना ते कळलं की नाही माहीत नाही, पण त्यांचा चेहरा लाल झाला. मग फाटकाशी एक जीप थांबली. कुणीतरी वर्दीतले दोन पाहुणे उतरत होते. साहेबांनी फाटकाकडे पाहिलं, देठांकडे पाहिलं, आणि तडक आत गेले. बाहेर आले तेव्हा वही हातात होती. मायनं उभं राहून ती दोन्ही हातांनी घेतली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती माझ्यासमोर उघडली आणि म्हणाली, "पाय बरं, पानं पुरी हायेत का." मी अकरा नंबर मोजले. पुरी होती. मायनं निवडलेली मेथी पिशवीत भरली. देठं तिथंच ठेवली.

बाबा त्या रविवारी गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. साहेबांचा ड्रायव्हर दोनदा बोलवायला आला. एकीचा बोल्ट अडकतो म्हणे. बाबा म्हणाले, डोळा दुखतो. रविवारी ते जेवायला सावकाश बसू लागले. मायनं कधीपासून हेच मागितलं होतं, पण ते असं मिळाल्यावर तिलाही ते गोड लागलं नाही. जेवून झालं की बाबा दारात बसून सायकल पुसायचे. पुसलेलीच पुन्हा पुसायचे. कधी कधी त्यांची बोटं नुसतीच हवेत वळायची, बोल्ट उघडावा तशी. मला वाटायचं, मी बोलले नसते तर यांच्याजवळ त्या अकरा जणी तरी राहिल्या असत्या. मग पुन्हा संताप यायचा: माझ्यावर ही खंत का असावी? चोरी त्यानं करावी आणि अपराधी मला वाटावं, हा कुठला न्याय? पन्नासहून जास्त वर्षं मी हे दोन्ही विचार आळीपाळीनं करते आहे.

मागच्या वर्षी माझ्या भाच्यानं फोनवर एक पान दाखवलं. जगभरचे लोक अशा जुन्या शिकाऊ रायफली जमवतात, त्यांचं काही मंडळ आहे. तिथं त्या पुस्तिकेतले उतारे होते. नंबर चारचा रुसवा होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं की या भारतीय कर्नलइतक्या प्रेमानं या विषयावर दुसऱ्या कुणी लिहिलं नाही. मी भाच्याकरवी त्यांना पत्र पाठवलं. त्यांनी पुरावा मागितला. मी वहीच्या पानांचे फोटो पाठवले. उत्तर आलं, अतिशय सभ्य, की ही लिपी आमच्यापैकी कुणाला वाचता येत नाही, क्षमस्व.

पण मला सांगायचं आहे ते त्या प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाचं, मी कॉलेजात गेले तेव्हाचं. मुलींच्या कॅडेट तुकडीत त्याच जातीच्या रायफली होत्या. पहिल्याच चांदमारीत माझा कागद सगळ्यांत वरचा आला. विद्यापीठाच्या मुलींच्या संघासाठी नावं पाठवायची होती, बाहेरगावी स्पर्धा होती. मी जबलपूर सोडून नागपूरपलीकडे कधी गेले नव्हते. फॉर्म भरायला ऑफिसात गेले. एका रकान्यात लिहिलं होतं: प्रशिक्षकाचं नाव. मी लिहिलं, महादेव मेश्राम. पुढे 'हुद्दा' होता. मी लिहिलं, फिटर.

तिथल्या क्रीडाप्रमुखांनी फॉर्म वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं. "ये कौन हैं?"

"मेरे पिताजी."

"अरे भई, तुम तो कर्नल साहब की शिष्या हो न? ब्रिगेडियर साहब बता रहे थे. उनका नाम डालो. ऊपर वाले पहचानते हैं, तुरंत हो जाएगा." आणि त्यांनी लाल पेननं बाबांचं नाव खोडलं. रागानं नाही, अगदी मदत करावी तसं. फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी म्हटलं, "दूसरा फ़ॉर्म दीजिए." दुसरा मिळाला. पुन्हा तेच नाव, तोच हुद्दा. ते हसले. म्हणाले, "बेटा, ज़िद मत करो. फिटर को राइफल का कोच लिखोगी तो यहीं से लौट आएगा." मी तिसरा फॉर्म मागितला. तो त्यांनी दिला नाही. मी दुसराच टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. संघाची यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही असं मी पुष्कळांना सांगत आले. खोटं आहे. मी ग्रंथालयाच्या मागे जाऊन रडले, आणि ज्या चार मुली गेल्या त्यांच्यापैकी दोघींना मी चांगल्या फरकानं हरवलं होतं, हे मला आजही गुणांसकट आठवतं.

घरी आले तेव्हा बाबा दारात सायकल उलटी करून साखळीला तेल घालत होते. मी त्यांच्याजवळ बसले आणि झालेलं सांगितलं. दोन्ही फॉर्मांचं, लाल पेनचं, यादीचं. ते साखळी फिरवत राहिले. मला वाटलं आता म्हणतील, काहून असं केलं, साहेबांचं नाव लिहून टाकाचं होतं. त्यांनी चाक थांबवलं. फडक्यानं एक एक बोट पुसलं.

"माह्या नावापुढं काय लिहिलं तू?" त्यांनी विचारलं.

"फिटर."

त्यांनी फडकं सायकलला अडकवलं. मग मान हलवून, चुकलेल्या विद्यार्थिनीला सांगावं तसं म्हणाले,

"ए ग्रेड लिहाचं होतं, शकू."